थापटण्याचा आवाज

अंगणवाडीची किंवा बालवाडीची गुणवत्ता तपासून तिला मानांकन देणे ही वरवर पाहता प्रशासनाची बाब आहे. निकष आधी ठरलेले असतात. बाहेरून परीक्षक येतो, खोली, भांडी, दप्तर आणि मुले पाहतो, आणि सारे निकषांत बसले तर भिंतीवर एक प्रमाणपत्र लागते. मात्र परीक्षकाच्या येण्याची तारीख कळल्यापासून तो दारात उभा राहीपर्यंत जे चालते, त्या ‘तयारी’त एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे. कोणी पाहणार आहे म्हणून माणूस चांगले वागला, तर त्या चांगुलपणाची किंमत काय? गीता या प्रश्नाला दंभाच्या अंगाने भिडते, इस्लामी नीतिविचार ‘रिया’ या शब्दाने, बौद्ध परंपरा आरशाच्या दृष्टान्ताने. वारकरी परंपरेत तर याच प्रश्नाभोवती तपासणीची एक पूर्ण कथा आहे. तिच्यात नापास ठरलेला भक्त आणि पुढे त्याला शिकवणारा गुरू हे दोघेही जुन्या परभणी जिल्ह्याच्या मातीतले.

परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे गावातले पहिले शिक्षण म्हणजे अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली ती चालते. एक सेविका आणि एक मदतनीस एवढ्या मनुष्यबळावर पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि मातांचे आहारशिक्षण अशा सहा सेवा तोललेल्या असतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या अनेक जिल्हा परिषदांनी आपल्या अंगणवाड्यांना आयएसओ मानांकन मिळवून देण्याच्या मोहिमा हाती घेतल्या, आणि ‘आयएसओ अंगणवाडी’ हा शब्द गावोगावच्या कमानींवर रंगवला गेला.

हे मानांकन म्हणजे नेमके काय, याविषयी बराच गैरसमज आहे. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मानक संघटना (आयएसओ) १९४७ पासून काम करते. ती मानके लिहिते, पण स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात. शाळा-अंगणवाड्यांसाठी बहुधा वापरले जाणारे ९००१ हे मानक प्रथम १९८७ मध्ये आले आणि २०१५ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती निघाली. त्यात बडबडगीते, खेळ, मातीकाम, खिचडी यांचा उल्लेखही नाही. नट-बोल्टच्या कारखान्याला आणि अंगणवाडीला ते सारखेच प्रश्न विचारते: तुम्ही काय करता म्हणता, तसेच करता का, केल्याची खूण कुठे आहे, आणि चुकले तेव्हा काय केले? चारही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांतला चौथा सर्वांत मोलाचा, आणि तयारीच्या गडबडीत नेमका तोच बाजूला पडतो.

तयारीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पहिली डागडुजी. गळके पत्रे बदलणे, नळाला पाणी आणणे, लेकरांच्या उंचीला येईल अशी हात धुण्याची जागा करणे, मुदत संपलेले औषध फेकणे. तपासणीच्या निमित्ताने लोकवर्गणी जमते आणि वर्षानुवर्षे रखडलेले काम आठ दिवसांत होते. निमित्त बाहेरचे असले म्हणून दुरुस्त झालेले छत खोटे ठरत नाही. दुसरी गोष्ट मांडणीची: रजिस्टरांना कव्हर घालणे, खेळणी खोक्यातून काढून फळीवर लावणे, भिंती बोलक्या करणे. येथे थोडा संशय सुरू होतो, कारण खोक्यातली खेळणी त्या दिवसापुरती बाहेर येऊन ‘खराब होतील’ म्हणून पुन्हा खोक्यात गेली, तर लेकरांच्या हाती काय आले? तिसरी गोष्ट सोंगाची. एरवी कधी न भरलेले रकाने एका रात्रीत मागच्या तारखा टाकून भरणे, गैरहजर मुलांच्या जागी शेजारच्या शाळेतली मुले आणून बसवणे, साहेबांनी विचारले तर काय सांगायचे हे चार वर्षांच्या मुलाकडून घोकून घेणे. बहुरूपी सोंग आणतो तेव्हा ते सोंग आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून त्यात लबाडी नसते. तपासणीतल्या सोंगाचे सारे बळ पाहणाऱ्याला ते कळू नये यातच आहे.

दंभाची शास्त्रीय चर्चा गीतेत मुख्यतः तीन ठिकाणी येते. तेराव्या अध्यायातल्या ज्ञानाच्या लक्षणांत अमानित्वाच्या पाठोपाठ अदंभित्व आहे. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी दंभापासूनच सुरू होते. तपासणीच्या संदर्भात सर्वांत उपयोगी ठरतो तो सतराव्या अध्यायातला विचार. तेथे तपाचे तीन प्रकार सांगताना सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेल्या तपाला राजस म्हटले आहे आणि त्याला दोन विशेषणे जोडली आहेत: ते चंचल असते आणि टिकत नाही. अशा तपाला पाप म्हणून शाप दिलेला नाही. ते टिकत नाही एवढेच नोंदवले आहे. परीक्षकाची गाडी फाट्याकडे वळल्यावर आठ दिवसांत साबणाची वडी कपाटात जाते आणि हजेरीचा तक्ता महिनाभर त्याच तारखेवर थांबतो, हा अनुभव आणि गीतेचे ते वर्णन यांत फरक फारसा नाही.

ज्ञानेश्वरीत (१२९०) अदंभित्वाचे स्पष्टीकरण दृष्टान्तांच्या ओघाने येते. त्यांतला शेतकऱ्याचा दृष्टान्त मराठवाड्याला विशेष जवळचा आहे: कुणबी पेरलेले बी मातीने झाकतो, तसा अदंभी माणूस आपले सत्कर्म झाकून ठेवतो. पण येथे एक खरी अडचण उभी राहते. मानांकनाचा पहिला नियम नेमका उलटा आहे. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे परीक्षक धरून चालतो. संत म्हणतात झाका आणि परीक्षक म्हणतो दाखवा. मग मनापासून काम करणाऱ्या सेविकेने काय करावे? हा विरोध सुटतो तो ‘नोंद’ आणि ‘प्रदर्शन’ यांतला फरक ध्यानात घेतल्यावर. ज्ञानेश्वरांचा शेतकरी बी झाकतो, पण कोणत्या वावरात काय पेरले आणि केव्हा, हे विसरत नाही. नोंद म्हणजे कामाची आठवण. ज्याच्यासाठी काम केले त्याच्याच उपयोगी ती पुन्हा पडते. प्रदर्शनाचा उपयोग मात्र करणाऱ्याला होतो.

वजनाचे रजिस्टर हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. अंगणवाडीत मुलांचे वजन दर महिन्याला घ्यायचे असते, आणि आता ते पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवरही चढवायचे असते. एका महिन्याचा आकडा एकटा पाहिला तर फार बोलत नाही. दोन महिन्यांच्या आकड्यांमधला उतार बोलतो. उतार वेळेत दिसला तर मूल ग्राम बाल विकास केंद्रात किंवा दवाखान्यात पोहोचते. आता हेच रजिस्टर तपासणीच्या आदल्या रात्री अंदाजाने भरले, तर अक्षर सुवाच्य असते, एकही रकाना रिकामा नसतो, आलेखाच्या रेषा छान वर चढतात, आणि ज्या एका लेकराची रेषा खाली यायला हवी होती ते लेकरू कागदावरून नाहीसे होते. दंभ हा मनाचा दोष मानला जातो, पण येथे तो एका मुलाच्या ताटापर्यंत पोहोचतो. यातली आणखी एक विपरीत गोष्ट अशी की, जी सेविका काटा समतल जागी ठेवून, शून्य तपासून, मुलाचे जड कपडे उतरवून वजन घेते, तिच्या रजिस्टरात कुपोषित मुले अधिक दिसतात. आकडा कमी म्हणजे काम चांगले, एवढाच हिशेब वरच्यांनी ठेवला, तर प्रामाणिकपणाला दंड आणि अंदाजपंचेला शाबासकी मिळते. दोष तेव्हा एकट्या सेविकेचा राहत नाही. ज्या तपासणीत खरे सांगणाऱ्याचे नुकसान होते, ती तपासणी दंभाची शेती करते.

रिकाम्या रकान्याविषयी छांदोग्य उपनिषदात एक कथा आहे. सत्यकाम जाबाल हारिद्रुमत गौतमांकडे शिष्य होण्यासाठी जातो. गोत्र कोणते, हा प्रवेशाचा नेहमीचा प्रश्न. मुलाला गोत्र माहीत नाही. आईने जे सांगितले तेच तो सांगतो: तरुणपणी अनेक ठिकाणी सेवा करताना तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम. रकाना रिकामाच राहिला, आणि त्या रिकाम्या रकान्यावरच गौतमांनी त्याला प्रवेश दिला, कारण तो सत्यापासून ढळला नव्हता. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की परभणी जिल्ह्यातल्या कित्येक वस्त्यांतली कुटुंबे कारखान्यांकडे जातात आणि लेकरे पाठोपाठ जातात. त्या महिन्यांत हजेरीपटावर ‘स्थलांतरित’ असे लिहिलेले रकाने असणे हा दोष मानायचा, की सत्यकामाचे उत्तर मानायचे, यावर परीक्षकाची पारख ठरते.

आता गोरा कुंभारांची कथा. नामदेवांच्या गाथेतून आणि महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) या ग्रंथातून ती महाराष्ट्रभर पसरली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई आणि नामदेव अशी संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईची नजर कोपऱ्यातल्या थापटण्यावर गेली. हे काय, असे तिने गोरोबांना विचारले. मडकी भाजली की कच्ची राहिली हे याने कळते, असे उत्तर आले. मग येथे बसलेली ही मडकी तपासा, असे मुक्ताबाई म्हणाली. गोरोबा प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारत गेले. बाकीचे गप्प राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा ते चिडले, त्यांना अपमान वाटला. गोरोबांनी निर्णय दिला: हे मडके कच्चे.

या कथेवर प्रवचने पुष्कळ झाली आहेत, पण तपासणीची कथा म्हणून ती वाचली की काही वेगळ्या गोष्टी दिसतात. नापास झाले ते मंडळीतले सर्वांत नावाजलेले भक्त. देवाने ज्यांच्या हातचा नैवेद्य खाल्ला असे सांगितले जाते, तेच हे नामदेव. ‘प्रमाणपत्र’ त्यांच्याकडे आधीपासून होते, आणि तेही थेट पंढरपूरचे. दुसरे असे की तपासणीची तारीख कोणालाही आधी कळलेली नव्हती. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म. बाकीच्यांनी पास होण्यासाठी काहीही केले नाही. थापटण्याने पारखला तो थापटणे बसल्यावर उमटलेला आवाज. म्हणजे तपासणीला दिलेला प्रतिसाद हीच तपासणीतली मुख्य नोंद होती. एखाद्या संस्थेत त्रुटी दाखवली की तेथील माणसे सबबी सांगतात की वही उघडून लिहून घेतात, यावरून तिच्याविषयी जे कळते ते भिंतीवरच्या चित्रांवरून कळत नाही.

कुंभाराच्या धंद्यातला एक तपशीलही येथे लक्षात घ्यावा. थापटणे हे मुळात पारखण्याचे साधन नव्हेच. चाकावरून उतरवलेले ओले मडके आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकतात. त्याने भिंत पातळ होते आणि पोट गोल होते. ज्याने घडवायचे त्यानेच पारखायचे, असा त्याचा दुहेरी उपयोग कथेने केला आहे. आतून आधार नसताना बाहेरून ठोकले तर ओले मडके बसते. वर्षभर पर्यवेक्षिका फिरकत नाही, प्रशिक्षण नाही, खाऊचे पैसे वेळेवर नाहीत, आणि एके दिवशी बाहेरचा परीक्षक येऊन ठोकतो, हे आधाराविना ठोकणे आहे. त्यातून दंभच निपजतो, कारण ओल्या मडक्याला आपण भाजलेले आहोत असे भासवण्यावाचून दुसरी वाट उरत नाही.

कथेचा उत्तरार्ध परभणीच्या जुन्या हद्दीत घडतो. विठ्ठलाने नामदेवांना गुरू म्हणून विसोबा खेचरांकडे औंढा नागनाथला पाठवले. औंढा आणि परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी ही दोन्ही गावे १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होती. नामदेव देवळात गेले तर एक म्हातारा शिवलिंगावर पाय टाकून निजलेला. नुकतेच कच्चे ठरलेले नामदेव येथे स्वतःच परीक्षक झाले, आणि त्यांनी ताबडतोब त्रुटी काढली: देवावर पाय ठेवता? म्हाताऱ्याने सांगितले, मला हलवत नाही, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून जेथे ठेवत तेथे लिंग दिसे.

म्हणजे या एकाच कथेत दोन तपासण्या आहेत आणि दोन्हींचे धडे वेगळे. पहिलीत मडक्याने आपला कच्चेपणा ऐकून घ्यायचा आहे. दुसरीत परीक्षकाने आपली निकषपत्रिका खाली ठेवायची आहे. कोणत्याही यादीनुसार विसोबा नापासच झाले असते. काही अंगणवाड्याही अशाच असतात: भाड्याची खोली, रंग उडालेला, फळीवर विकतचे एकही खेळणे नाही, पण चिंचोके, ज्वारीची ताटे आणि कणसांची बुरकुंडे घेऊन मुले तासभर रमलेली. परीक्षकाची नजर रंगावर अडखळली तर त्याला चिंचोके मोजणारे मूल दिसणारच नाही. मराठी तपासणी-साहित्यात हा दुसरा धडा फारसा घेतला जात नाही. पहिल्यावर मात्र भरपूर भर असतो. कदाचित धडे लिहिणारे बहुधा परीक्षकच असतात, म्हणून असेल.

कोणी पाहत असल्याने कर्म बिघडते की सुधारते, या प्रश्नाला इस्लामी परंपरेने दोन शब्दांत उत्तर दिले आहे. लोकांनी पाहावे म्हणून केलेली उपासना म्हणजे रिया. तिला धाकटा शिर्क, म्हणजे ईश्वराच्या जागी दुसऱ्याला बसवण्याचाच लहान प्रकार म्हटले जाते. याच्या समोर उभा राहतो ‘इहसान’ हा शब्द. जिब्रीलच्या प्रसिद्ध हदीसमध्ये शुभ्र कपड्यांतला एक अनोळखी माणूस येतो, पैगंबरांना एकेक प्रश्न विचारतो आणि उत्तर बरोबर असल्याचे सांगतो. ऐकणाऱ्यांना नवल वाटते की प्रश्नही हाच विचारतो आणि पसंतीही हाच देतो. इहसान म्हणजे काय, यावर उत्तर मिळते ते असे: तू ईश्वराला पाहतो आहेस अशी उपासना कर, तुला तो दिसत नसला तरी तो तुला पाहतो आहे. पाहिले जाण्याची जाणीव येथे नाकारलेली नाही. पाहणारा बदलला आहे, आणि हा पाहणारा तारीख कळवून येत नाही. परभणी शहरातल्या हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसाला सर्व जातिधर्मांची माणसे जातात. तेथे नियतीचा, म्हणजे मनातल्या हेतूचा, शब्द आजही रोजच्या बोलण्यातला आहे.

बौद्ध परंपरेतला दृष्टान्त थेट एका लहान मुलाला सांगितलेला आहे. मज्झिम निकायातल्या अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्तात बुद्ध आपल्या मुलाला, परंपरेनुसार सात वर्षांच्या राहुलाला, विचारतात की आरसा कशासाठी असतो. पाहण्यासाठी, असे राहुल सांगतो. तसेच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासून पाहावी, असा उपदेश येतो. त्याआधी, थट्टेतही खोटे बोलू नये हे सांगितलेले असते. खोटेपणाविषयीचा राहुलाला केलेला हा उपदेश सम्राट अशोकाने आपल्या बैराटच्या लेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावा म्हणून नावानिशी सुचवला आहे. आयएसओमध्ये बाह्य तपासणीआधी अंतर्गत तपासणी सक्तीची असते, आणि ‘शाळासिद्धी’सारख्या भारतीय चौकटीतही स्वयंमूल्यमापन आधी आणि बाह्य मूल्यमापन नंतर असा क्रम आहे. व्यवस्थापनशास्त्र हा क्रम कार्यक्षमतेसाठी सांगते. सुत्तात तोच क्रम खोटे बोलण्याची गरजच पडू नये म्हणून आहे.

राहुलाच्या वयाचा प्रश्न येथे महत्त्वाचा, कारण अंगणवाडीच्या तपासणीला एक साक्षीदार असा असतो ज्याचे मत कोणी विचारत नाही. तीन-चार वर्षांचे मूल सारे पाहत असते. आज खिचडीत भाज्या जास्त का आहेत, ताईंनी नवी साडी का नेसली आहे, शेजारच्या शाळेतला मोठा मुलगा आज आपल्यात का बसला आहे, हे त्याला शब्दांत सांगता येत नाही, पण कळते. ‘रोज हात धुता का?’ या प्रश्नावर एका सुरात ‘हो’ म्हणायला शिकवलेले मूल हात धुण्याची सवय शिकत नाही. पाहुण्यापुढे बोलायचे उत्तर वेगळे आणि खरे वेगळे असते, हे ते शिकते. औपचारिक शिक्षणाचा तो त्याचा पहिला धडा ठरतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले, त्याची दिशा नेमकी याच्या विरुद्ध होती. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. अंगणवाडी या कल्पनेचे मूळ तेथे आहे. पाने, बिया, शंख-शिंपले हीच तेथील साधने. रंगवायला भिंतच नव्हती. ज्या मॉण्टेसरी विचारातून ताराबाई घडल्या, त्यात निरीक्षण हे शिक्षकाचे मुख्य काम मानले जाते: मोठ्या माणसाने आपल्याला मागे ओढून घेऊन मुलाला पाहायचे. तपासणीच्या दिवशी हे चित्र उलटे होते. मूल मोठ्या माणसासाठी सादर होते. रोममधल्या बालगृहातली मारिया मॉण्टेसरींनी नोंदवलेली एक घटना या संदर्भात सांगण्याजोगी आहे. बक्षीस म्हणून गळ्यात क्रूसाचे पदक मिळालेला एक मुलगा कामात इतका गुंतला होता की ते पदक खाली पडले तरी त्याला त्याचे काही वाटले नाही. शिक्षा म्हणून खुर्चीत बसवलेल्या दुसऱ्या मुलाने ते घालून घेतले आणि पहिल्याने खुशाल घालू दिले. प्रमाणपत्राविषयी इतके निरोगी मत प्रौढांच्या जगात सहसा सापडत नाही.

तपासणीला काय दिसू शकते आणि काय नाही, हा प्रश्नाचा आणखी एक पदर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला, आणि त्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासक्रम आराखड्याने बालविकासाची मांडणी तैत्तिरीय उपनिषदातल्या पंचकोशांच्या आधारे केली: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. शासकीय दस्तऐवजात उपनिषद आले, याचे काहींना कौतुक वाटले, काहींना आक्षेपार्ह वाटले. तपासणीच्या दृष्टीने मात्र त्यातून एक अवघड हिशेब उभा राहतो. अन्नमय कोश काट्यावर मोजता येतो. प्राणमय धावण्या-उड्या मारण्यातून थोडाफार दिसतो. पुढे पुढे मोजपट्टी आखूड होत जाते आणि आनंदमय कोशापाशी परीक्षकाच्या हाती फार तर हसऱ्या मुलांचा फोटो उरतो. फोटो काढताना ‘हसा’ म्हटलेले असते, हे वेगळे सांगायला नको.

त्याच उपनिषदाच्या भृगुवल्लीत मूल्यमापनाची एक पद्धतही आहे, जी आराखड्याच्या चर्चेत क्वचितच येते. भृगू वडिलांकडे, वरुणाकडे, ब्रह्म काय ते विचारतो. तप करून जाण, असे उत्तर मिळते. तो तप करतो आणि अन्न हेच ब्रह्म अशा निष्कर्षाने परततो. वरुण चूक म्हणत नाही, बरोबरही म्हणत नाही. पुन्हा तप कर, एवढेच सांगतो. मग प्राण, मन, विज्ञान, आणि शेवटी आनंद. शेवटच्या खेपेला भृगू परत विचारायला येत नाही. कोणत्याही टप्प्यावर श्रेणी दिली गेली नाही आणि आधीचे उत्तर रद्दही झाले नाही. अन्नाची निंदा करू नये, असे पुढे तेथे मुद्दाम सांगितले आहे. लहान मुलांच्या शिक्षणाचे मूल्यमापन करणाऱ्यांना हा नमुना आयएसओपेक्षा जवळचा वाटायला हरकत नसावी.

अंगणवाडीत सर्वांत कमी विचारली जाणारी व्यक्ती म्हणजे मदतनीस. झाडलोट, पाणी, चूल, मुलांना घरोघरून गोळा करणे, नाके पुसणे ही कामे तिची. चांगला परीक्षक तिच्याशी बोलतो. घाईतला परीक्षक तिने आणलेला चहा घेतो. गोदाकाठच्या गंगाखेडच्या जनाबाईंची सारी आध्यात्मिक चरित्रकथा याच कामांची आहे. नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या, घरी दळण, झाडणे, शेण गोळा करणे. आणि कोणी पाहत नसताना विठ्ठल येऊन जात्याला हात लावतो. त्यांच्या गोवऱ्यांची आख्यायिका लोकांना ठाऊक आहे. गोवऱ्यांच्या चोरीवरून भांडण जुंपले असता कबीर तेथे आले. कुठल्या गोवऱ्या कोणाच्या हे कसे ओळखायचे, तर कानाला लावून ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू येईल त्या जनाबाईंच्या. पुन्हा आवाजच. गोरोबांच्या थापटण्यात जसा कच्चेपणा ऐकू आला, तसे येथे थापताना कोणी न पाहिलेले मन शेणाच्या गोवरीत ऐकू येते. लोककथेने निवडलेल्या या दोन्ही कसोट्या डोळ्यांच्या नाहीत, कानाच्या आहेत, हे बहुधा योगायोगाने झालेले नाही. रंगरंगोटी डोळ्यांना फसवते. परीक्षक यायच्या आधी उंबऱ्याबाहेर पाच मिनिटे उभा राहिला तर आत मुले बोलत आहेत की फक्त ताई बोलत आहेत, हे त्याला ऐकू येते.

महाराष्ट्राने तपासणी आणि साधना यांचा संगम एकदा राज्यभर करून पाहिला आहे. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरताच खराटा हाती घेत, दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. झाडण्याआधी त्यांनी कोणत्या समितीला बोलावले नव्हते. त्यांच्या नावाच्या अभियानात मात्र समित्या आल्या, गुण आले, तालुका ते राज्य अशी बक्षिसे आली. उकिरडे हलले, शौचालये झाली, गावे खरोखर उजळली. काही गावांत ही स्वच्छता टिकली, तर काही गावांत समिती गेल्यावर उकिरडा आपल्या जागी परतला. राजस तपाविषयी गीतेने जे म्हटले त्याची ही दोन्ही बाजूंनी पडताळणी आहे: बाहेरच्या निमित्ताने सुरू झालेले काम आतले होऊ शकते, पण आपोआप होत नाही. जेथे ते टिकले तेथे बहुधा झाडण्याची पाळी बक्षिसाआधीच लागलेली होती.

आयएसओ प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते आणि दरम्यान दरवर्षी एक देखरेख-तपासणी होते. पहिल्या तपासणीत सापडलेल्या त्रुटी मोठ्या आणि किरकोळ अशा वर्गांत लिहिल्या जातात. त्रुटी नुसती मिटवून भागत नाही. ती का घडली याचे मूळ शोधून ते कारण दूर केल्याचे दाखवावे लागते. वजनाचा एक रकाना रिकामा राहिला असेल तर तो भरणे ही दुरुस्ती नव्हे. त्या दिवशी काटा बंद होता, की लेकरू वावरात होते, की ताई बैठकीला तालुक्याला गेल्या होत्या, हे लिहावे लागते, आणि पुढच्या वेळी काय वेगळे केले तेही. पुढच्या वर्षी येणारा परीक्षक भिंती पाहण्याआधी मागच्या त्रुटींचा तो कागद मागतो.